ठरल्या वेळी उठणारी डोकेदुखी

श्रोतेहो, नमस्कार.

झोप लागून तास-दीड तास होतो न होतो, तोच एका डोळ्यामागे कळ उठते. डोळा लाल होतो, घळाघळा पाणी येतं, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते. अर्धशिशीचा रुग्ण अंधार करून निपचित पडतो. हे दुखणं असलेला माणूस मात्र येरझाऱ्या घालतो, भिंतीवर डोकं आपटतो. पंधरा मिनिटं ते तीन तास हे चालतं, आणि पुढच्या रात्री पुन्हा तीच वेळ. काही आठवडे असे छळून दुखणं आपोआप निघूनही जातं. हा क्लस्टर हेडेक. हजारात साधारण एकाला होतो. सायनस समजून औषधं घेतलेले, चांगली दाढ काढून बसलेले रुग्ण यात कमी नाहीत.

अर्धशिशी बायकांना जास्त, क्लस्टर पुरुषांना. साहजिकच संशय टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे पुरुषी संप्रेरकावर गेला. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. ली कुड्रो यांनी ते रक्तात मोजलं, तर अशा पुरुषांत चक्क कमी भरलं! पण टेस्टोस्टेरॉन बरंचसं झोपेत वाढतं. रोज रात्री झोपमोड होणाऱ्याचं ते उतरणारच. मग आधी काय, दुखणं की कमतरता? १९९८ मध्ये लंडनमध्ये झटका चालू असताना मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा हायपोथॅलॅमसचा भाग जागा झालेला दिसला. शरीराचं घड्याळ तिथेच, आणि टेस्टोस्टेरॉनची सूत्रंही तिथूनच हलतात. मला तरी दोन्ही बिघाडांचं मूळ तिथेच असावं असं वाटतं.

२००६ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकने, औषधांना दाद न देणाऱ्या नऊ रुग्णांना टेस्टोस्टेरॉन दिलं, त्यात दोन स्त्रियाही होत्या. आराम पडला. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि हे दुखणं आपोआपही थांबतं हे मघाशी सांगितलंच. तेव्हा जिममधल्या कुणाच्या सल्ल्याने इंजेक्शनं घेऊ नका. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणू घटतात, मूल हवं असणाऱ्याला ते महागात पडतं. तपासणी मात्र उपयोगाची. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ कधीकधी अशीच डोकेदुखी देते आणि टेस्टोस्टेरॉनही उतरवते, म्हणून डॉक्टर एमआरआय सांगतात.

झटक्यावर खरा उतारा ऑक्सिजनचा. २००९ च्या लंडनच्या चाचणीत मिनिटाला १२ लिटर दिल्यावर पंधरा मिनिटांत ७८ टक्के झटके आटोक्यात आले. साध्या हवेने २० टक्के. कोरोनात घेतलेलं पाच लिटरचं मशीन इथे पुरत नाही. सिलिंडर लागतो, पिशवीचा घट्ट मास्क लागतो, तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. आणि घरच्यांनो, ऑक्सिजनने आग भडकते, म्हणून त्या खोलीत काडी ओढू देऊ नका; या आजाराचे बरेच रुग्ण विडी-सिगारेट ओढणारे असतात.