सातवा नंबर कुठं गेला?

मंडळी, आज बोलायचंय फॅन थिअऱ्यांबद्दल, म्हणजे कथेतलं गुपित काय असेल याचे प्रेक्षक जे अंदाज बांधतात त्यांच्याबद्दल, आणि त्यासाठी मी मुख्यतः एकच सीरियल घेणार आहे, बॅटलस्टार गॅलॅक्टिका, ती नवी, 2003 च्या डिसेंबरात मिनीसीरिज म्हणून आली आणि मग 2009 च्या मार्चपर्यंत चालली ती. 1978 ची जुनी पण आहे, पण तिच्यातले सायलॉन म्हणजे नुसते चकचकीत पत्र्याचे रोबो, दुरून दिसला की कळायचं शत्रू आला. रॉन मूर आणि डेव्हिड आयक यांनी नवी करताना एक मोठा बदल केला, सायलॉन माणसासारखे दिसतात. नुसते दिसत नाहीत, रक्त येतं, रडतात, प्रेमात पडतात, आणि काहींना तर स्वतःलाच माहीत नसतं की आपण सायलॉन आहोत. झालं! इथूनच सगळ्या थिअऱ्या सुरू.

ज्यांनी बघितली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माणसांचे बारा ग्रह एका दिवसात बेचिराख होतात, पन्नासेक हजार माणसं जहाजांच्या ताफ्यात पळून निघतात, आणि कळतं काय तर सायलॉनची बारा मॉडेल्स आहेत, प्रत्येकाच्या कितीतरी कॉप्या, आणि त्यातले काही आपल्यातच आहेत. सुरुवातीच्या सीझनमध्ये एपिसोडच्या आधी पाटी येते की त्यांचा एक प्लॅन आहे. आता तुम्ही प्रेक्षकाला सांगितलंत बारा आहेत आणि दाखवलेत सातच, तर तो गप्प बसेल का? कीस पाडणारच. कोणाच्या पाठीवर लाल उजेड दिसला, कोण कधी एकटं होतं, कोणाच्या घरच्यांचा उल्लेखच नाही, सगळं तपासलं गेलं. आणि गंमत बघा, ताफ्यातली माणसं एकमेकांकडे ज्या नजरेनं बघत होती ना, अगदी तीच नजर प्रेक्षकांची झाली होती. बाकीच्या सीरियलमध्ये थिअरी बाहेरून चिकटवलेली असते, इथं संशय हाच कथेचा गाभा आहे, त्यामुळे थिअरी करणारा माणूस आपोआप कथेच्या आत जाऊन बसतो.

आता एक सीन जरा जवळून बघू. पहिला सीझन, नववा एपिसोड. कर्नल सॉल टायची बायको एलन, जी मेली असं सगळे धरून चाललेत, ती अचानक ताफ्यातल्याच एका जहाजावर सापडते. आता ही खरी का? गायस बाल्टर या शास्त्रज्ञाकडे सायलॉन ओळखायची टेस्ट आहे, एका टेस्टला 11 तास लागतात, म्हणजे सगळ्या ताफ्याची करायची तर साठेक वर्षं. एलनची टेस्ट होते, बाल्टर सांगतो माणूस आहे, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. आणि शेवटी सिक्स, म्हणजे सहा नंबरची सायलॉन बाई, जी त्याच्या डोक्यात असते आणि फक्त त्यालाच दिसते, ती त्याला विचारते, खरंच पास झाली का ती? तो म्हणतो, मी कधीच सांगणार नाही. बस, सीन संपला. आता आदल्याच एपिसोडमध्ये आपण बघितलेलं असतं की शॅरन नावाच्या पायलटची टेस्ट लाल आली, म्हणजे सायलॉन, आणि हा माणूस जिवाच्या भीतीनं हिरवी, म्हणजे माणूस, आली म्हणून सांगून मोकळा झाला. म्हणजे हा खोटं बोलतो हे आपल्याला माहितीये. एवढ्या एका वाक्यावर लोकांनी एलनला सायलॉन ठरवलं, आणि ते वाक्य डोक्यात ठेवून वर्षानुवर्षं बसले. मग तिसऱ्या सीझनला एलन मरते, नवराच विष देतो तिला, आणि बऱ्याच जणांनी तो धागा सोडून दिला.

2007 च्या मार्चमध्ये तिसऱ्या सीझनचा शेवट आला. चार माणसांना जहाजाच्या भिंतींतून एक गाणं ऐकू येतंय, बाकी कोणाला येत नाही, आणि ती चौघं गुणगुणत गुणगुणत एका खोलीत येऊन उभी राहतात. कर्नल टाय, आणि ताफ्यातलेच टिरल, अँडर्स आणि टोरी. चौघंही सायलॉन. मला त्या खोलीतला टाय अजून तितकाच भिडतो, आयुष्यभर सायलॉनशी लढलेला, त्यांच्याच कैदेत डोळा गमावलेला म्हातारा, आणि तो म्हणतो काय, तर मी या फ्लीटचा ऑफिसर आहे, बाकी मी जो काय असेन तो असेन, मला हाच माणूस व्हायचंय, आणि आज मेलो तर हाच माणूस म्हणून मरेन. आपण सगळे 'कोण' विचारत होतो आणि म्हातारा 'मग आता काय' याचं उत्तर देऊन कामाला लागला!

राहिला पाचवा. चौथा सीझन चालू असताना अर्ध्यावर मोठा खंड पडला, 2008 च्या जूनपासून 2009 च्या जानेवारीपर्यंत, आणि त्या खंडात लोकांनी जे काही केलं ते अभ्यास म्हणण्याच्या लायकीचं होतं. शेवटचं जेवण या प्रसिद्ध चित्रासारखा सगळ्या पात्रांचा एक प्रमोशनचा फोटो निघाला होता, त्यात एक जागा रिकामी, तर कोण कोणाकडे बघतोय, हात कुठं आहे, यावर पानंच्या पानं लिहिली गेली. त्यातलं बरंचसं ओढूनताणून आणलेलं होतं, कबूल. पण काही लोकांनी फोटो बाजूला ठेवून डायलॉग धरला. डीॲना नावाची सायलॉन, जिनं पाचही चेहरे पाहिलेत, ती म्हणते तुमच्या ताफ्यात फक्त चार आहेत. चार! म्हणजे पाचवा ताफ्यात नाहीच, म्हणजे मेलेला किंवा मेलेली, आणि मेलेल्यांची यादी काढली की एलन, आणि एलन म्हटलं की बाल्टरचं ते वाक्य. जानेवारी 2009, उत्तर एलनच निघालं.

आता मला जे म्हणायचंय ते इथं आहे. पहिल्या सीझनला तो सीन लिहिताना रायटर्स रूममध्ये कोणालाच माहीत नव्हतं की एलन सायलॉन होणार आहे. फायनल फाइव्ह, म्हणजे हे शेवटचे पाच लपलेले सायलॉन, ही कल्पनाच नंतरची. मूर एपिसोडवर पॉडकास्ट करायचा आणि त्यात हे असले कारखान्यातले प्रकार मोकळेपणानं सांगायचा, कुठं काय ऐनवेळी सुचलं, कुठं काय जमलं नाही. टिरलचं बघा ना, त्याला सायलॉन केला आणि मग लक्षात आलं याला तर मूल आहे, आणि सायलॉन-माणसाचं पहिलं मूल हेरा आहे असं आपण आधीच ठासून सांगून बसलोय, मग काय, ते मूल टिरलचं नाहीच, एका पायलटचं निघालं. हे ठिगळ आहे, आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही, टिरलची बायको कॅली, त्या बिचारीवर अन्याय झाला त्यात. पण एलनचं तसं नाही. तिथं लेखकांनी न पेरलेली गोष्ट प्रेक्षकांनी जपून ठेवली, तिला पाणी घातलं, आणि शेवटी ती उगवली तेव्हा ती पेरलेलीच होती असं वाटलं. मी याला प्रेक्षकांची निर्मिती म्हणते, आणि पूर्ण विचारानं म्हणते.

उलट उदाहरण वेस्टवर्ल्डचं, माणसासारख्या रोबोंच्या करमणुकीच्या पार्कवरची सीरियल. 2016 चा पहिला सीझन, लोकांनी पहिल्या काही आठवड्यांतच ओळखलं की विल्यम आणि तो काळ्या कपड्यातला माणूस एकच, मध्ये तीस वर्षांचं अंतर आहे, आणि ओळखलं कशावरून, तर बाकीच्या पुराव्यांबरोबर पार्कचा लोगो दोन ठिकाणी वेगळा दिसतो यावरूनसुद्धा. काय नजर आहे! पण मला वाटतं दुसऱ्या सीझनला लेखक प्रेक्षकांशी शर्यत लावून बसले. 2018 च्या एप्रिलमध्ये तर त्यांनी सगळं गुपित फोडणारा व्हिडिओ देतो म्हणून सांगितलं आणि निघालं काय, तर हिरॉइन 'नेव्हर गॉना गिव्ह यू अप' गातेय आणि त्यापुढं वीसेक मिनिटं पियानोपाशी बसलेला कुत्रा. मजा आली, नाही असं नाही, पण सीझन सुरू झाल्यावर काळाची एवढी उलटापालट होती की बर्नार्डसारख्या पात्राचं दुःख वाटून घ्यायच्या ऐवजी माणूस तारखाच जुळवत बसायचा.

आणि आता सातवा नंबर. गॅलॅक्टिकातल्या सायलॉनना नंबर आहेत, एक ते सहा, आणि शॅरन आठ. मग सात कुठाय? हे भोक लोकांनी केव्हाच हेरलं होतं. 2009 च्या फेब्रुवारीत एलन सांगते की सातवा डॅनियल होता, कलाकार, फार हळवा, आणि नंबर एकनं मत्सरानं त्याची सगळी जातच नासवून टाकली. बरोबर दोन आठवड्यांनी एपिसोड येतो, ताफ्यातली पायलट कारा थ्रेस बारमध्ये एका पियानोवाल्याशेजारी बसते, तिला तिचा पियानो वाजवणारा, घर सोडून गेलेला बाप आठवतो, आणि लहानग्या हेरानं काढलेले ठिपके स्वर म्हणून वाजवल्यावर निघतं तेच गाणं, जे त्या चौघांना ऐकू आलेलं, बॉब डिलनचं. कारा तर एकदा मरून परत आलेली, स्वतःचं जळलेलं प्रेत स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली. आता तुम्हीच सांगा, बाप डॅनियल होता हे कोणाच्या मनात येणार नाही?

मूरने स्पष्ट सांगितलं की तसं काही नाहीये, डॅनियल फक्त नंबरातलं भोक बुजवायला आणलाय, लोक त्याला एवढं धरून बसतील असं वाटलं नव्हतं. आणि शेवटच्या एपिसोडला कारा गवताळ माळावर ली या सोबतीच्या पायलटशी बोलता बोलता नाहीशी होते. ना स्पष्टीकरण, ना काही. मूरचा हक्क आहे तो, त्याची कथा आहे. पण माझं मत विचाराल तर डॅनियलवाली थिअरी चुकलेली असूनही पडद्यावरच्या पुराव्याला जास्त धरून आहे. तिच्यात बाप आहे, पियानो आहे, गाणं आहे, हेराचे ठिपके आहेत, मत्सरापायी संपवलेला एक कलाकार आहे, आणि त्याची मुलगी अजाणता त्याचंच गाणं वाजवतेय. शेवटात यातलं फक्त गाणं वापरलं गेलं, तिनं त्याच सुरांचे आकडे टाइप करून जहाजाला अवकाशात झेप घ्यायला लावली, तो सीन मला फार आवडतो, पण बापाचा धागा तसाच लोंबकळत राहिला.

म्हणून थिअरी खरी निघाली की खोटी एवढंच मोजणाऱ्यांशी माझं जमत नाही. मी विचारते, तिनं किती गोष्टी सोबत घेतल्या आणि किती वाऱ्यावर सोडल्या. फोटोतले हात मोजणाऱ्या थिअरीनं कथा सोडून दिली होती. डॅनियलवाल्यांनी शेवटपर्यंत एकही धागा सोडला नाही.

माझं एवढंच. आता तुमच्याकडे येते, आणि काराचं ते नाहीसं होणं ज्यांना मनापासून पटलंय त्यांनी आधी बोला, कारण मला त्यांची बाजू खरंच ऐकायचीये.