गच्चीवरच्या गंजलेल्या सळया

कोकण किनारपट्टीवरच्या कोणत्याही गावात गच्चीकडे नजर टाकली, की कॉलममधून वर आलेले सळयांचे झुबके दिसतात. पुढेमागे वरचा मजला चढवायचा, या हिशेबाने त्या मोकळ्या ठेवलेल्या असतात. पैसा जमेपर्यंत बरेच पावसाळे सरतात आणि मग एके दिवशी त्याच सळयांना नव्या सळया बांधायचे काम सुरू होते. त्या जुन्या सळया वापरायच्या की नाही, हे सहसा रंग पाहून ठरवले जाते, आणि चूक तिथेच होते.

नुसता तांबूस रंग चढला म्हणून सळई बाद होत नाही. पापुद्रे न सुटणारा, घट्ट चिकटलेला पातळ गंज काँक्रीटची पकड बिघडवत नाही. चांगल्या काँक्रीटचा सामू १२.५ ते १३ असतो, आणि अशा अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होऊन गंजण्याची क्रिया जवळजवळ थांबते. काँक्रीट बांधकामाचे नियम सांगणाऱ्या भारतीय मानक ४५६ चा आक्षेप आहे तो सुटा गंज, सुटे पापुद्रे, माती, तेल आणि रंग यांना. म्हणून आधी तारेच्या ब्रशने आणि मोठ्या कामावर वाळूच्या झोताने सळई स्वच्छ करावी लागते, आणि त्यानंतरच किती लोखंड उरले आहे ते कळते.

ते वजनाने ठरते. १२ मिलिमीटरच्या नव्या सळईचे वजन मीटरला ८८८ ग्रॅम धरलेले असते आणि सळयांसाठीच्या भारतीय मानक १७८६ नुसार एखाद्या नमुन्यात ६ टक्क्यांपर्यंत घट चालते. म्हणजे सुमारे ८३५ ग्रॅमच्या खाली गेलेल्या सळईकडे संशयानेच पाहायला हवे. व्यास केवळ ०.४ मिलिमीटरने घटला, तरी ही मर्यादा ओलांडली जाते.

मात्र गच्चीवरच्या सळईत एक मेख आहे. वजनासाठी कापता येतो तो शेंडा, आणि सर्वांत जास्त झिजलेला असतो तो बुंधा. सळई जिथे काँक्रीटमधून बाहेर येते तिथे पाणी साचते, पालापाचोळा कुजतो, आणि समुद्रावरच्या वाऱ्याने आणलेले मीठ तिथेच मुरत राहते. मिठातील क्लोराइड सळईवरचा संरक्षक थर ठिकठिकाणी फोडते, त्यामुळे सळई सगळीकडे सारखी न झिजता तिला खोल खड्डे पडतात. काही घरमालक शेंड्यांवर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घालतात. त्या बुंध्याचे काहीच राखत नाहीत. म्हणून कॉलमचा माथा छिन्नीने थोडा फोडून, आतली सळई घासून, तिचा व्यास व्हर्नियरने (जाडी अचूक मोजण्याच्या साधनाने) तिथेच मोजावा. वाकवून ठेवलेली सळई सरळ करताना खड्ड्याच्या जागी तडकू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

किनाऱ्यावर ब्रश मारल्यानंतर सळई गोड्या पाण्याने धुणे आवश्यक आहे, कारण घासल्याने गंज निघतो, पण खड्ड्यातले मीठ निघेलच असे नाही. खाऱ्या विहिरीचे पाणी वापरले, तर उलटाच परिणाम होतो. काही ठिकाणी गंज काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल लावतात. सळई झटकन चकचकीत होते खरी, परंतु मागे उरणारे क्लोराइड पुढे काँक्रीटच्या आत गंज सुरू करते. गंज मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीटला आतून तडे जातात.

बुंध्याशी सळई बाद ठरली, तर निर्णय संरचना अभियंत्याचा आहे. निकोप सळई हाती लागेपर्यंत कॉलम खाली फोडत जाणे, किंवा शेजारी भोक पाडून रासायनिक चिकटद्रव्याने नवी सळई बसवणे, हे दोन मार्ग असतात. भोकाची खोली गणिताने काढावी लागते, मिस्त्रीच्या अंदाजाने नव्हे.

ज्यांचे काम आज थांबणार आहे त्यांनी सळया स्वच्छ करून त्यांवर सिमेंटचा घोळ चढवावा. थांबणे काही वर्षांचे असेल, तर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत कमी सिमेंटच्या काँक्रीटचे वेष्टन घालावे आणि त्याच्या माथ्याला पाणी वाहून जाईल असा उतार द्यावा. मजला चढवताना ते वेष्टन फोडून काढता येते.