ज्योतीला धक्का न लावता

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मराठवाड्यात चूल अजून पुरती विझलेली नाही. हिवाळ्यात अंगणातल्या चुलीवर पाणी तापवताना पऱ्हाट्या आणि तुराट्या कशा तडतडत पेटतात, गोवरी ओली निघाली की फुंकणी कशी हुडकावी लागते, हे आपल्याला सांगायला नको. नीट फुंकर बसली की धूर सरतो आणि जाळ वर येतो. त्या घटकेला जाळाच्या आत काय बदलते, हा प्रश्न चाळीस वर्षांहून अधिक काळ विचारत राहिलेल्या जर्मन रसायनशास्त्रज्ञ कॅथरिना कोझे-होइंगहाउस यांच्या संशोधनाविषयी आज मी बोलणार आहे.

बोखुम विद्यापीठातून १९७८ साली डॉक्टरेट मिळवल्यावर त्या स्टुटगार्टच्या हवाई व अंतराळ संशोधन संस्थेत गेल्या आणि १९९४ पासून बीलेफेल्ड विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. पदांची यादी एवढी पुरे. खरी गोष्ट ज्योतीची आहे.

इंधन अधिक ऑक्सिजन, त्यापासून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, हे समीकरण मी वर्गात कितीतरी वर्षे एका ओळीत लिहीत आलो. प्रत्यक्षात त्या एका ओळीच्या पोटात शेकडो अभिक्रिया असतात आणि त्या पुढे रेटणारे घटक, म्हणजे हायड्रॉक्सिलसारखे मुक्त मूलक (अतिशय क्रियाशील, अर्धवट रेणू), जन्मताच कशाशी तरी संयोग पावून संपतात. त्यांना बाटलीत भरून मोजता येत नाही. ज्योतीत नळी किंवा तापमापक तार घालावी, तर ज्योतच बदलते. लेसरचा किरण मात्र ज्योतीला धक्का न लावता आरपार जातो. हायड्रॉक्सिलला मानवणाऱ्या, सुमारे २८३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाचा स्पंद सोडला, की ते मूलक तो शोषून घेते आणि ३१० नॅनोमीटरच्या आसपास स्वतःचा प्रकाश बाहेर टाकते. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. संवेदक तो टिपतो.

ऐकायला हे सोपे वाटते, पण खरी मेख पुढे आहे. एकटे असलेले उत्तेजित हायड्रॉक्सिल प्रकाश परत द्यायला सुमारे ७०० नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश भाग) घेते. नेहमीच्या दाबाच्या ज्योतीत त्याला जेमतेम दोन नॅनोसेकंद मिळतात, कारण तेवढ्यात शेजारचा एखादा रेणू येऊन आदळतो आणि ती ऊर्जा प्रकाशावाचूनच निघून जाते. मग उजेड कमी आला, तर मूलके कमी आहेत असे समजायचे की टकरी जास्त झाल्या असे? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देण्यासाठी कोझे-होइंगहाउस यांनी उमेदीची बरीच वर्षे खर्च केली. मला त्यांचे हेच काम सर्वांत मोलाचे वाटते, कारण चमकणारे चित्र कोणीही दाखवतो, ते चित्र किती खरे आहे हे मोजणारे थोडे. ज्योत कमी दाबाखाली पेटवली, की एरवी मिलिमीटरभरही जाड नसलेला अभिक्रियेचा पट्टा रुंदावतो आणि त्याचा एकेक थर वेगळा तपासता येतो, ही युक्तीही या कामात फार उपयोगी पडली.

पुढे त्यांनी ज्योतीतून नमुना बाहेर काढून वस्तुमान मोजण्याची पद्धतही वापरली. नमुना काढणारा शंकू ज्योतीत शिरतो, म्हणजे इथे धक्का लागतोच; तो किती लागला हे लेसरने घेतलेल्या तापमानावरून पडताळता येते. अ‍ॅसिटाल्डिहाइड हा जळताना वाटेत तयार होणारा एक पदार्थ. व्हिनाइल अल्कोहोल हे ‘एनॉल’ वर्गातले संयुग अ‍ॅसिटाल्डिहाइडचेच भावंड आहे. दोघांचे वस्तुमान ४४, दोघांत अणू तेच, फक्त मांडणी वेगळी. व्हिनाइल अल्कोहोलचा इलेक्ट्रॉन सुमारे ९.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे एक लहान एकक) एवढ्या ऊर्जेला सुटतो, तर अ‍ॅसिटाल्डिहाइडचा १०.२ला. सिंक्रोट्रॉन या कणत्वरक यंत्रातून मिळणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा या दोहोंच्या मध्ये ठेवली, की एकटे व्हिनाइल अल्कोहोल पकडले जाते. अमेरिका, जर्मनी आणि चीनमधल्या संशोधकांच्या गटाने २००५ साली दाखवले, की असे एनॉल अनेक नेहमीच्या इंधनांच्या ज्योतींत असतात. तोवरच्या ज्वलनाच्या गणिती प्रतिमानांत त्यांना जागाच नव्हती. कोझे-होइंगहाउस त्या गटात होत्या.

मधेच एक सांगतो. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नर होता, गॅस नव्हता. स्पिरिटच्या दिव्याची फिकट निळी ज्योत दुपारच्या उन्हात दिसली नाही आणि मी बोट भाजून घेतले. तिच्यावर मिठाची चिमूट पडली, तेव्हा कुठे ती सोडियमच्या पिवळ्या रंगात उजळली. बीलेफेल्डला कोझे-होइंगहाउस यांनी शाळकरी मुलांसाठी ‘टॉयटोलॅब’ ही हाताने प्रयोग करायची प्रयोगशाळा सुरू केली, हे वाचताना मला ते बोट आठवले.

आता आपल्या दाराशी येऊ. उसाच्या मळीपासून बनलेले इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. अलीकडच्या वर्षांत कोझे-होइंगहाउस यांचा बराच भर अशा जैवइंधनांच्या ज्वलनावर राहिला. इथेनॉल आणि डायमिथिल इथर हे दुसरे इंधन यांतले अणू अगदी सारखे, पण इथेनॉलच्या ज्योतीत अ‍ॅसिटाल्डिहाइड अधिक सापडते आणि डायमिथिल इथरच्या ज्योतीत फॉर्माल्डिहाइड. दोन्ही पदार्थ हवेत मिसळले तर घातकच. म्हणून नवे इंधन निवडताना ते किती उष्णता देते याबरोबर जळताना वाटेत काय काय तयार करते, हेही मोजावे लागते.

नमस्कार.