ऑशीन : हरिणीचं पाडस

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी कागद-पेन असेल तर पाच इंग्रजी अक्षरं लिहून घ्या : ओ, आय, एस, आय, एन. आता दुसऱ्या 'आय'वरचा ठिपका काढून टाका आणि त्या जागी उजवीकडे वर चढत जाणारी छोटी तिरकी रेघ द्या. झालं एका आयरिश मुलाचं नाव तयार. वाचा बरं! इंग्रजी शाळेत तयार झालेली जीभ 'ओइसिन' म्हणते. डब्लिनच्या वर्गात हजेरी घेताना असं म्हणाल, तर कुणी 'हजर' म्हणून हात वर करणार नाही. उच्चार आहे ऑशीन.

यात 'श' कुठून आला? आयरिश भाषा रोमन अक्षरं वापरते, पण ती वाचायचे नियम तिचे स्वतःचे आहेत. तिथे ए, ओ, यू हे रुंद स्वर आणि ई, आय हे बारीक स्वर. रुंद स्वराशेजारी एस आला तर 'स', बारीक स्वराशेजारी आला तर 'श'. शिवाय व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना एकाच गटातले स्वर हवेत. म्हणजे आपल्या नावातला पहिला आय बोलण्यासाठी नाहीच. पुढचा एस 'श' आहे, एवढंच सांगायला तो उभा आहे. 'शॉन' या नावात एसपुढे ई असते, ती याच कामासाठी. अजब वाटतंय? मग 'चिंच' म्हणून पाहा. पहिला च वेगळा, दुसरा वेगळा, अक्षर मात्र एकच. पहिल्या च नंतर इकार आहे, म्हणून तो तालव्य. मराठी माणूस हे न शिकवता बोलतो, आयरिश माणूस ते स्वर लिहून दाखवतो.

सगळीकडे उच्चार एकच आहे, असंही नाही. पश्चिमेला आणि उत्तरेला जोर पहिल्या अक्षरावर असतो, दक्षिणेच्या मन्स्टर भागात तो 'शीन'वर जातो. इंग्रजी बोलण्यात पुष्कळजण 'अशीन'च्या जवळ जातात. यातलं काहीही चालतं. आई-बाप म्हणतात ते खरं.

ती तिरकी रेघ म्हणजे फादा. आपला दीर्घ ईकार समजा. ती शोभेची नाही. 'फिअर' असं वाचावंसं वाटणारा एक आयरिश शब्द आहे, अर्थ पुरुष. त्याच्या ई वर फादा दिला की अर्थ होतो गवत! घोटाळे होतात ते कागदपत्रांत. पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींत फक्त साधी रोमन अक्षरं बसतात, त्यामुळे तिथे फादा गळतो. विमानाच्या तिकिटावर नाव तसंच, बिनफाद्याचं, घालावं. सरकारी संगणकांनी नावातला फादा नीट नोंदवावा यासाठी आयर्लंडच्या 2021 च्या राजभाषा दुरुस्ती कायद्यात तरतूद करावी लागली, यावरून प्रकरण किती दुखरं होतं ते कळेल.

आता अर्थ. आयरिशमध्ये 'ऑस' म्हणजे हरीण आणि 'ईन' हा लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय. ऑशीन म्हणजे पाडस. आणि गंमत अशी, की भाषाशास्त्रज्ञ या 'ऑस'चं मूळ ज्या जुन्या शब्दात शोधतात, त्यातूनच संस्कृतातला उक्षन्, म्हणजे बैल, आणि इंग्रजीतला 'ऑक्स' आला. तिकडे बैलाचं हरीण झालं.

नावामागची कथा आपल्याला परकी वाटू नये. ऋष्यशृंगाची आई हरिणीच होती. आयरिश दंतकथांमधला वीर फिन मॅकूल याची पत्नी साइव्ह हिला एका द्रुइड मांत्रिकाने हरिणी करून पळवलं. सात वर्षांनी स्लायगोतल्या बेन बल्बेन डोंगरावर फिनच्या शिकारी कुत्र्यांना एक उघडा मुलगा सापडला. काही कथांत त्याच्या कपाळावर हरणाच्या केसांचा झुपका आहे : तेवढ्याच जागी आईने त्याला चाटलं होतं. पुढे हाच मुलगा, म्हणजे ऑशीन, राजकन्या नीव्हबरोबर तिच्या चिरतारुण्याच्या देशात गेला. परतला तेव्हा इकडे 300 वर्षं उलटली होती. घोड्यावरून वाकून माणसांना दगड हलवायला मदत करताना खोगिराचा पट्टा तुटला, पाय जमिनीला लागला आणि तो क्षणात जख्खड म्हातारा झाला.

स्कॉटलंडच्या जेम्स मॅकफर्सनने 1760 पासून 'ओशन', म्हणजे आपला ऑशीनच, या प्राचीन कवीच्या नावाने काव्यं छापली. ती बहुतांशी त्याचीच रचना होती, पण युरोप वेडा झाला. नेपोलियन त्यांचा भक्त. 1799 मध्ये त्याचा सेनानी बर्नादोत याला मुलगा झाला, त्याच्या नावात या काव्यांमधल्या ओशनच्या मुलाचं नाव घातलं गेलं : ऑस्कर. हाच पुढे स्वीडनचा राजा पहिला ऑस्कर. मुलाचं नाव असं युरोपभर फिरलं, बापाचं मात्र घरातच राहिलं.

आज चित्र बदललंय. आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाच्या यादीत 2007 ते 2023 या काळात, 2016 चा जेम्स वगळता, जॅक पहिला होता. पण अलीकडे ऑशीनही पहिल्या दहांत दिसतो, सोबत रियन, किलियन, टाइग. माझ्या मते कारण साधं आहे : शॉनला इंग्रजी जॉनची सावली आहे, ऑशीनला तशी कुणाचीच नाही. खेळाच्या मैदानावरही नाव गाजलं. गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या देशी खेळाच्या 2002 च्या अंतिम सामन्यात आर्मा संघाच्या ऑशीन मॅकॉन्व्हिलने पहिल्या सत्रात पेनल्टी वाया घालवली आणि दुसऱ्यात गोल करून भरपाई केली.

एक सावधगिरी : आधी 'आर' लागला आणि ओवरही फादा चढला की होते रोशीन, म्हणजे छोटा गुलाब, आणि ते मुलीचं नाव. निमंत्रणपत्रिकेवर नजर ठेवा. हाक मारताना आयरिशमध्ये नाव बदलतं, शॉनचा 'अ ह्यॉइन' होतो. ऑशीनची सुरुवात स्वराने, शेवट आधीच बारीक. म्हणून तो तसाच राहतो. अंगणातून बोलवायचं तर नुसतं 'अ ऑशीन!'