हा प्रतिस्पर्धी निवडला कोणी?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बॉक्सिंगमध्ये हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वजनदार गटातली लढत जाहीर झाली की चर्चा ठोशापासून सुरू होते. एकीकडे विशी-पंचविशीतला, अपराजित, ज्याच्या नॉकआउटच्या चित्रफिती मोबाइलवर फिरतायत असा पोरगा. दुसरीकडे चाळिशीला टेकलेला, एकेकाळी मोठं नाव असलेला, मुरलेला गडी. आणि आपण लगेच विचारतो, म्हाताऱ्याला हा ठोसा झेपेल का? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, की हा म्हातारा निवडला कोणी?

टेनिसमध्ये ड्रॉ निघतो, फुटबॉलमध्ये वेळापत्रक असतं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये, निदान किताबी लढतीपर्यंत पोहोचेस्तोवर, समोर कोण उभा राहणार हे बहुतेक वेळा पोराच्या बाजूची माणसंच ठरवतात. प्रमोटर असतो, मॅनेजर असतो आणि लढती जुळवणारा मॅचमेकर असतो. नाव मोठं पण पाय संपलेले, असा माणूस हुडकून काढणं हे या मॅचमेकरचं कसब. तिकिटं खपतात ती नावावर. लढत हरली जाते ती पायांमुळे.

गेरी कूनीचं उदाहरण घ्या. उंचापुरा, डाव्या हुकमध्ये, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशात, विलक्षण ताकद आणि वर गोरा. त्या काळात अमेरिकेत गोऱ्या हेवीवेट चॅम्पियनची आस लावून बसलेले खूप लोक होते, त्यामुळे गाजावाजा दुप्पट. 1980 मध्ये त्याने जिमी यंगला चार फेऱ्यांत संपवलं, मग 39 वर्षांच्या रॉन लाइलला पहिल्याच फेरीत आणि मे 1981 मध्ये केन नॉर्टनला 54 सेकंदांत. नॉर्टन म्हणजे ज्याने मुहम्मद अलीचा जबडा मोडला होता तो. कागदावर हे तिन्ही बळी भारी दिसतात. पण तिघांचाही उमेदीचा काळ मागे पडला होता आणि ते सगळ्यांना माहीत होतं. नॉर्टन त्यानंतर रिंगमध्ये उतरलाच नाही.

मग 11 जून 1982 ला लास वेगासमध्ये लॅरी होम्स समोर आला. हा मात्र कोणी निवडून आणलेला नव्हता, तो चॅम्पियन होता. वय 32, एकही पराभव नाही आणि हेवीवेटमधल्या सर्वोत्तम जॅबांपैकी (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) एक त्याच्याकडे. कूनी तेरा महिने लढलेला नव्हता. दुसऱ्या फेरीत तो खाली गेला, उठला आणि पुढे फार धैर्याने लढला, हेही सांगितलं पाहिजे. त्याचे ठोसे पट्ट्याखाली जात राहिले, त्याबद्दल गुण कापले गेले. तेराव्या फेरीत त्याचा प्रशिक्षकच रिंगमध्ये शिरला आणि लढत थांबली. कूनीचा ठोसा काही एका वर्षात हलका झाला नव्हता. आधीच्या तिन्ही लढती मिळून तो जेमतेम सहा फेऱ्या लढला होता, आणि सातव्या फेरीत काय करायचं हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणून मी म्हणतो, नॉकआउटची लांबलचक यादी आपल्याला वाटते त्यापेक्षा फार कमी सांगते. 30 ऑक्टोबर 1974 ला आफ्रिकेत किन्शासात चॅम्पियन जॉर्ज फोरमन अलीसमोर उतरला तेव्हा त्याच्या नावावर 40 पैकी 40 विजय आणि त्यात 37 नॉकआउट होते. त्याच्या आधीच्या आठ लढतींपैकी एकही दुसऱ्या फेरीपलीकडे गेली नव्हती. जो फ्रेझर दोन फेऱ्यांत, नॉर्टन दोन फेऱ्यांत. या दोघांनीही अलीला हरवलेलं, मग 32 वर्षांच्या अलीचं काय होणार, हा हिशेब जगभर मांडला गेला. ‘अ’ने ‘ब’ला हरवलं, ‘ब’ने ‘क’ला हरवलं, म्हणून ‘अ’ ‘क’ला हरवणार, हे गणित बॉक्सिंगमध्ये चालत नाही. अली दोरांना टेकला, हात वर धरले आणि फोरमनला मारू दिलं. हुकलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो, आणि मोठ्या स्नायूंना प्राणवायूही जास्त लागतो. दमट हवेत पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत फोरमनचे हात जड झाले. आठव्या फेरीत तो पडला.

आता मुरलेला म्हणजे नेमकं काय मुरलेलं असतं, ते जवळून पाहू. 1936 साली जो लुई 22 वर्षांचा होता, अपराजित होता आणि त्याच्यापुढे कोणी टिकत नव्हतं. 30 वर्षांचा माजी चॅम्पियन मॅक्स श्मेलिंग जर्मनीहून आला तो बळीचा बकरा म्हणूनच. पण श्मेलिंगने लुईला लढताना पाहिलं होतं, त्याच्या लढतींची फिल्म पुन्हा पुन्हा पाहिली होती आणि त्याला एक फट दिसली होती. जॅब टाकल्यावर लुईचा डावा हात सरळ हनुवटीपाशी परत येत नसे, थोडा खालून येई. तेवढा क्षणभर हनुवटीची डावी बाजू उघडी. श्मेलिंगचा उजवा ठोसा नेमका त्या वाटेने जाणारा. म्हणजे त्याला लुईपेक्षा वेगवान असायची गरजच नव्हती. जॅब येऊ द्यायचा, अंगावर घ्यायचा आणि हात परतताना मारायचं. 19 जूनला यांकी स्टेडियममध्ये चौथ्या फेरीत लुई खाली गेला आणि बाराव्या फेरीत तो उठू शकला नाही. पुढे दोन वर्षांनी त्याच मैदानावर लुईने श्मेलिंगला पहिल्याच फेरीत झोपवलं. फट एकदाच वापरता येते.

पण अनुभवाची पूजा मी करणार नाही. अनुभव माणसाला सावधही करतो, कधीकधी फाजील सावध. एप्रिल 2017 मध्ये लंडनच्या वेम्ब्लीवर 41 वर्षांच्या माजी चॅम्पियन व्लादिमिर क्लिच्कोने सहाव्या फेरीत अँथनी जोशुआला खाली पाडलं. जोशुआच्या 18 पैकी 18 लढती नॉकआउटने संपलेल्या, सातव्या फेरीपुढे तो कधी गेलेला नाही, आणि आता त्याच्या पायांत त्राण नव्हतं. क्लिच्कोने घाई केली नाही, जॅबवर लढत राहिला. हे चुकलं असं मला वाटतं. तरुण शरीर दोन फेऱ्यांत परत सावरतं. अकराव्या फेरीत जोशुआचा अपरकट, खालून वर हनुवटीवर येणारा ठोसा, लागला आणि खेळ संपला.

आणि वयाचा आकडाही फसवा. ज्या होम्सने कूनीला धडा शिकवला, तोच जानेवारी 1988 मध्ये 21 वर्षांच्या माइक टायसनसमोर आला. वय 38, जवळजवळ दोन वर्षं लढत नाही. चौथ्या फेरीच्या सुरुवातीला तो पंजांवर नाचू लागला, जॅब सुटू लागला, क्षणभर जुना होम्स दिसला. त्याच फेरीत तो तीनदा पडला. डोकं सगळं ओळखत होतं, पाय पोहोचत नव्हते. उलट फोरमन 1994 मध्ये 45 व्या वर्षी, तिन्ही परीक्षकांच्या गुणांच्या कार्डावर मागे असताना, दहाव्या फेरीत चॅम्पियन मायकेल मूररला पाडून पुन्हा चॅम्पियन झाला. ठोशाची ताकद सगळ्यात शेवटी जाते. म्हणून म्हाताऱ्याचं बलस्थान ठोसा असेल तर तो जास्त वर्षं धोकादायक राहतो. पाय असतील तर लवकर संपतो. याचा विचार भाकीत करणारे फारसा करत नाहीत.

(एका श्रोत्याने विचारलं, ‘हे सगळं ठीक, पण पैज कोणावर लावायची?’)

पैज लावू नका, हे आधी सांगतो. टोकियोत 1990 साली टायसनसमोर उतरलेल्या बस्टर डग्लसवर 42 ला 1 असा भाव होता, म्हणजे तो जिंकेल असं जवळजवळ कोणालाच वाटत नव्हतं, आणि टायसन हरला. पण मत विचारत असाल तर सांगतो. म्हातारा पोराच्या गोटाने निवडलेला असेल, वर्षभर रिंगबाहेर असेल, तर मी पोराकडून बोलेन, आणि निकाल लवकर लागेल असंही म्हणेन. ऑगस्ट 2025 मध्ये विशीतल्या मोझेस इटाउमाने 37 वर्षांच्या डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत संपवलं, ते याच साच्यातलं. म्हातारा चॅम्पियन असेल किंवा श्मेलिंगसारखा स्वतःहून शिकारीला आलेला असेल, तर माझा कल त्याच्याकडे. यातलं काहीच स्पष्ट नसेल तर मी पहिल्या तीन फेऱ्यांत म्हाताऱ्याचे पाय बघतो. ठोसा चुकवताना तो एक पाऊल बाजूला सरकतो की नुसतं कमरेतून मागे झुकतो, एवढंच. झुकत असेल तर सहाव्या फेरीची वाट बघायची गरज पडत नाही.