जे फिरत नाही

(दृश्य: जातं, वरून)

खुंटा फिरतोय, वरची तळी फिरतेय, कडेनं पीठ सांडतंय. आता मधल्या मेखेकडे बघा. एवढ्या घरघरीत ती जागची हललेली नाही.

(दृश्य: वर्गातला पृथ्वीगोल)

गोलाला बोटानं ढकललं की नागपूर फिरतं, मुंबई फिरते, विषुववृत्तावरचा प्रत्येक बिंदू फिरतो. जागेवर राहतात फक्त दोन ध्रुव. गणिताच्या भाषेत, या गोलावर वर्तुळाची क्रिया चालू आहे आणि तिचे स्थिरबिंदू दोन आहेत. एका वर्तुळाऐवजी अशी अनेक वर्तुळं, एकमेकांच्या फिरण्यात न अडखळता, एकाच वेळी एखादी जागा, म्हणजे गोलासारखा कुठलाही आकार, फिरवू लागली, की त्यांच्या गुणाकाराला टोरस म्हणतात.

जागेची पोकळी, तिची भोकं बीजगणितानं टिपायची रीत म्हणजे कोहोमॉलॉजी. पण फिरणारी जागा हाती आली की पंचाईत होते. एकेक अक्षवृत्त गुंडाळून त्याचा एकेक बिंदू केला, तर गोलाची उरते नुसती काठी. काठीला ना पोकळी ना भोक, मोजायचं काय? गणिती आर्मां बोरेल यांच्या प्रिन्स्टनमधल्या परिसंवादातून, जो १९६० साली छापला गेला, यावर तोड निघाली. गुंडाळण्याआधी गोलाला एका अवाढव्य जागेची जोड द्यायची, अशी जागा जिथे कुठलाच बिंदू स्थिर राहत नाही. गुंडाळायचं त्यानंतर. मग स्थिरबिंदूची खूण पुसली जात नाही. एकट्या बिंदूच्या वाट्यालाही क्ष या चलाच्या सगळ्या बहुपदी येतात. हीच इक्विव्हेरियंट कोहोमॉलॉजी.

(दृश्य: टेबलावर प्लास्टिकचा चेंडू, फूटपट्टी, ब्लेड)

हा पोकळ चेंडू २० सेंटिमीटर व्यासाचा. त्यावर दर ४ सेंटिमीटर उंचीवर आडवी रेघ मारलीय. ब्लेड सावकाश चालतंय, कारण कडा सरळ कापली गेली नाही तर पुढचं सगळं वाया. वर-खाली दोन टोप्या निघाल्या, वाटीसारख्या. मधून तीन पट्ट्या निघाल्या, आणि त्यांतली अगदी मधली उलगडली तर लांबी ६० सेंटिमीटरच्या वर जाते. टोपी मात्र जेमतेम १६ सेंटिमीटर रुंद. नजरेला वाटतं, पट्टी मोठी. आता दोन्ही वजनकाट्यावर ठेवा, आधी टोपी, मग पट्टी. काटा बघा. प्लास्टिकची जाडी सगळीकडे सारखी असेल तर वजन सारखंच भरतं, कारण पाचही तुकड्यांचं क्षेत्रफळ सुमारे २५१ चौरस सेंटिमीटर आहे. गोलाच्या कापाचं क्षेत्रफळ फक्त त्याच्या उंचीवर ठरतं, तो ध्रुवाजवळून कापलाय की मधून, याला महत्त्व नाही. आर्किमिडीजला हे ठाऊक होतं. त्याच्या थडग्यावर गोल आणि वृत्तचिती कोरलेली होती, आणि त्या खुणेवरूनच सिसेरोनं ते थडगं सिराक्यूजमध्ये शोधून काढलं.

(दृश्य: फळा)

हीच उंची पुढे कामाला येते. गोलाची त्रिज्या १ धरा. उंची गोलाच्या मध्यापासून मोजायची, म्हणजे वरच्या ध्रुवावर १, खालच्या ध्रुवावर वजा १. प्रत्येक बिंदूला उंचीप्रमाणे वजन द्यायचं: ई, घात ट गुणिले उंची. ई म्हणजे २.७१८… ही ठरलेली संख्या, ट आपण निवडायची. सगळ्या गोलावर या वजनांचं संकलन करायचंय, बिंदू तर अगणित. पण खडू कुठे थांबतो बघा. उत्तर ध्रुवावर: ई चा ट घात, भागिले ट. दक्षिण ध्रुवावर: ई चा वजा ट घात, भागिले ट. पहिल्यातून दुसरं वजा करून २ पायनं गुणलं, उत्तर आलं. ट शून्याकडे नेला की उरतं ४ पाय, गोलाचं पृष्ठफळ. मधल्या एकाही बिंदूला हात लावावा लागला नाही! १९८२ साली डाउस्टरमात आणि हेकमन यांनी, त्याच वर्षी बर्लीन आणि व्हेर्न यांनी, आणि १९८४ साली अतिया आणि बॉट यांनी दाखवलं की हे गोलापुरतं नाही.

(दृश्य: विद्यार्थिनीचा हात, खडू, षट्कोन)

१९९८ साली गोरेस्की, कॉटविट्झ आणि मॅकफर्सन यांनी इक्विव्हेरियंट कोहोमॉलॉजीचं चित्र करून दिलं. स्थिरबिंदू म्हणजे ठिपके. त्यांना जोडणारे गोल म्हणजे रेघा. प्रत्येक ठिपक्यावर एक बहुपदी लिहायची. एका गोलासाठी अट एवढीच, की दोन्ही ध्रुवांवरच्या बहुपदींच्या वजाबाकीला क्षनं नि:शेष भाग जावा. म्हणजे वर ५ अधिक २क्ष आणि खाली ५ वजा ३क्ष चालेल, पण वर ५ आणि खाली ७ चालणार नाही. संमिश्र प्रक्षेपीय प्रतलाचा, म्हणजे संमिश्र संख्यांवरच्या, अनंतावरचे बिंदूही धरलेल्या प्रतलाचा, त्रिकोण होतो. फळ्यावरचा हा षट्कोन तीन संमिश्र मितींतल्या ध्वज-बहुविधाचा आहे, म्हणजे उगमातून जाणारी एक रेषा आणि तिला सामावणारं एक प्रतल, अशा सगळ्या जोड्यांच्या जागेचा: ६ ठिपके, ९ रेघा, प्रत्येक रेघेला आपला भाजक.

दिलेल्या अटींत बसणारे वक्र किती, हे मोजण्यासाठी गणिती कोन्त्सेविच यांनी १९९० च्या दशकात हीच वाट धरली, भौतिकशास्त्रातही ती वापरात आहे.

कडेच्या सहा रेघा तपासून झाल्या. आता समोरासमोरचे ठिपके जोडणाऱ्या तीन. सातवी जमली. आठवीला वजाबाकी चुकली होती, तिनं ती तळहातानं पुसून पुन्हा मांडली. आता नववी.