डिस्चार्जनंतरचा पत्ता

(दृश्य : रत्नागिरी. पाऊस उघडल्यानंतरची सकाळ. जांभ्याचा गडगा, त्यामागे कौलारू घर. दोरीवर वाळत घातलेले कपडे.)

रत्नागिरीत भाड्याने घेतलेली अशी काही घरं आहेत. बाहेरून पाहिलं तर शेजारच्या घरापेक्षा वेगळं काही दिसणार नाही. पाटी नाही, वॉचमन नाही. एकेका घरात चार-पाच जणी राहतात, काही घरांत चार-पाच पुरुष. ही माणसं एकमेकांच्या नात्यातली नाहीत, बहुतेक वेळा एका गावचीही नाहीत. इथे येण्याआधी ती मनोरुग्णालयाच्या वॉर्डात होती आणि त्याआधी रस्त्यावर. त्यांची नावं आणि चेहरे आम्ही दाखवणार नाही. दाखवणार आहोत ते घर, आणि ते उभं राहायला किती हात लागतात ते.

(दृश्य : रेल्वे स्टेशनचा फलाट. गर्दी पुढे सरकते आहे.)

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर माणसं मोजली गेली. ही मोजणी झाली २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत. पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या पायरीवर त्या रात्री जे सापडले, ते आकड्यात आले. यातल्या काहींना गंभीर मानसिक आजार असतो. घरातून निघालेलं माणूस कुठल्यातरी गाडीत बसतं आणि हजार-दीड हजार किलोमीटर दूर उतरतं. तिथली भाषा त्याला येत नाही. केस वाढतात, अंगावरचे कपडे फाटतात, जखमा चिघळतात आणि लोक लांबून वळसा घालून जाऊ लागतात.

अशा माणसाचं काय करायचं, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८पासून लागू झाला. त्याच्या कलम १००नुसार आपल्या हद्दीत अशी व्यक्ती भटकताना दिसली, तर तिला संरक्षणात घेणं हे पोलिसांचं काम आहे. चोवीस तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. तिला कोठडीत ठेवता येत नाही. हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून तिच्या घरच्यांचा शोध घ्यायचा, हेही त्याच कलमात आहे.

पुढे उपचार सुरू होतात. औषधं लागू पडतात. काही आठवड्यांत, काही महिन्यांत माणूस बोलायला लागतं, आईवडिलांचं नाव सांगतं, गावाजवळची नदी सांगतं. त्यावरून रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक गाव शोधतात, तिथल्या पोलिस ठाण्याला फोन लावतात. बरेच जण अशा रीतीने घरी पोचतात. कर्जतला डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने हेच काम कितीतरी वर्षं केलं आहे. रस्त्यावरच्या माणसाला आणायचं, बरं करायचं आणि देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात असलेल्या त्याच्या दारापर्यंत सोडून यायचं. त्यासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याला घरी जाता येतं त्याने घरीच जावं, याबद्दल या क्षेत्रात कुणाचं दुमत नाही.

पण काहींना दार उरलेलंच नसतं. आई गेलेली असते. भावाने घर विकलेलं असतं. नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं असतं. फोन लागतो आणि पलीकडून उत्तर येतं, "आता तिला इकडे आणू नका."

(दृश्य : रुग्णालयाचा लांब व्हरांडा. लोखंडी खाटांची रांग.)

महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. डॉक्टरांनी केसपेपरवर "घरी पाठवण्यास योग्य" असं लिहूनही वर्षानुवर्षं वॉर्डातच राहिलेली माणसं या रुग्णालयांनी पाहिली आहेत. मुंबई उच्च न्यायालयात हा विषय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेतून आला आणि दहा-दहा वर्षं अडकून पडलेल्यांची संख्या शेकड्यांत असल्याचं समोर आलं. महाराष्ट्रच नव्हे, सगळ्या देशाची हीच अवस्था आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासात सरकारी मनोरुग्णालयांतले एक तृतीयांशाहून जास्त लोक वर्षभराहून अधिक काळ तिथेच राहत असल्याचं दिसलं.

कुटुंब नाही, कुटुंब घेत नाही किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असं याच कायद्याचं कलम १९ सांगतं. समाजात राहण्याचा हक्क आहे. तो बजावायचा, तर राहायला जागा लागते.

(दृश्य : चेन्नईचा रस्ता. संध्याकाळ.)

या जागेचा एक नमुना चेन्नईत तयार झाला. १९९३ साली वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या विशीतल्या दोन मैत्रिणींनी तिथे 'द बनियन' ही संस्था सुरू केली, मानसिक आजार असलेल्या बेघर स्त्रियांसाठी. २००१च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्याच एरवाडी गावात एका खाजगी आश्रयस्थानाच्या झोपडीला आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. आजारी माणसाला कुठेतरी ठेवून दिलं की प्रश्न मिटला, असं मानण्याची ही किंमत होती.

बनियनमध्येही तोच पेच होता. उपचार होत होते, बऱ्याच जणी घरी जात होत्या, पण काही जणी संस्थेतच राहत होत्या. संस्था कितीही मायेची असली, तरी तिथे जेवणाची घंटा असते, झोपायची वेळ ठरलेली असते. २०१५च्या सुमारास 'होम अगेन' सुरू झालं. वस्तीत साधं घर भाड्याने घ्यायचं. कुणाबरोबर राहायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. सोबतीला वस्तीतलीच, शिकवून तयार केलेली कार्यकर्ती. पुढे ही पद्धत केरळला, आसाममध्ये गुवाहाटीच्या 'आशादीप' संस्थेकडे आणि महाराष्ट्रात रत्नागिरीला गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये समाजात राहून मिळणाऱ्या मानसिक आरोग्यसेवांचे नमुने निवडले, त्यात 'होम अगेन'चा समावेश आहे.

एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. या घरात यायला पूर्ण बरं असण्याची अट नाही. कुणाला अजूनही आवाज ऐकू येतात. कुणी दिवसभर चार शब्दही बोलत नाही. घर आधी मिळतं, बाकीचं घरात राहून जमत जातं.

(दृश्य : स्वयंपाकघर. ओट्यावर विळी, टोपलीत भाजी. कॅमेरा हातांवर.)

वॉर्डातून आलेल्या बाईला पहिल्या दिवसांत सगळ्यात अवघड जातो तो प्रश्न असतो, "आज भाजी कोणती करायची?" तिला हे कुणी विचारलेलंच नसतं. कितीतरी वर्षं ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, वाढतील ते खायचं आणि लगेच उठायचं, असंच चाललेलं असतं. नव्या घरात जेवण पुढ्यात आलं की ती भराभर खाते. न्हाणीघरात जायला परवानगी मागते. कपाट स्वतःचं आहे हे सांगूनही साडी उशाखाली घडी घालून ठेवते. कार्यकर्तीला घाई करून चालत नाही. ती बाजारात सोबत नेते, पैसे तिच्या हातात देते, उरलेले तिलाच मोजायला लावते. हळूहळू बाई सांगायला लागते, आज पडवळ नको, बांगडे आणूया. लसूण जास्त घाल. एक दिवस भांडणही होतं, पंखा कुणाच्या बाजूला फिरवायचा यावरून. वॉर्डात असं भांडायला वाव नसतो, म्हणून कार्यकर्त्या या भांडणाची बातमी आनंदाने देतात.

केस वाढतात. वॉर्डात उवांच्या भीतीने ते बारीक कापलेले असतात. घरात आल्यावर कुणी वेणी घालण्याइतके वाढवते, कुणी आठवड्याला तेल लावायचा वार ठरवते. आतून कडी लावता येणारं दार असतं.

सुरुवातीला कार्यकर्ती जवळजवळ सगळा वेळ घरात असते. जम बसला की काही घरांत ती दिवसातून काही तासच येते. औषधांची आठवण करायची, बँकेत जायचं, दवाखान्याची तारीख पाळायची. ज्यांना काम करायचं आहे त्यांना काम शोधून द्यायचं. ज्यांना नको, त्यांनी ओटीवर बसून राहिलं तरी चालतं. आयुष्यभर राबणाऱ्या कितीतरी आज्यांना म्हातारपणी आपण तेवढी मुभा देतोच ना?

(दृश्य : सरकारी कार्यालयातली खिडकी. कागदांची पिशवी घेतलेला हात.)

आता हातांबद्दल. रुग्णालय माणूस घराकडे सोपवतं, पण हात सोडत नाही. ओपीडी तिथेच, गोळ्या तिथल्याच आणि तब्येत पुन्हा बिघडली तर खाटही तिथेच. संस्था भाडं भरते, कार्यकर्त्या नेमते. पोलिस ठाण्यात भाडेकरूंची माहिती द्यावी लागते. आधार कार्ड काढावं लागतं, तेही जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, काहीच हाताशी नसताना. मानसिक आजार २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो, त्यामुळे प्रमाणपत्र मिळू शकतं. पण संजय गांधी निराधार योजनेसाठी महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. जी बाई दुसऱ्या राज्यातून भटकत आली, तिने तो कुठून आणायचा? रुग्णालयातली वर्षं या मोजणीत विनातक्रार धरली जावीत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणि घरमालक. या साखळीत सगळ्यात जास्त नकार इथेच मिळतात. "वेडे" हा शब्द निघतो. वस्तीतली पोरंबाळं पुढे केली जातात. कार्यकर्ते वाद घालत नाहीत. पुन्हा जातात, चहा पितात, मालकाला दुसऱ्या घरी नेऊन दाखवतात, अडीअडचणीला फोन करायला डॉक्टरांचा नंबर देतात. एकाने घर दिलं की त्याच्या शब्दावर दुसरा तयार होतो. शेजाऱ्यांचंही तसंच. कोकणात गणपतीच्या आरतीला बोलावणं आलं, की वस्तीने घर आपलं मानलं असं समजायचं.

करार बहुतेक अकरा महिन्यांचा असतो आणि भाड्याचे पैसे देणग्यांतून येतात. इथे सरकारने पुढे यायला हवं. आधार देऊन राहण्याची सोय पुरवणं ही मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८प्रमाणे सरकारचीच जबाबदारी आहे. गावाबाहेर नवी इमारत बांधून, तिला कुंपण घालून ती पार पडणार नाही. या माणसांना बाजार हवा, एसटीचा थांबा हवा, हाक मारल्यावर ओ देणारा शेजार हवा. वस्तीतल्या घरांचं भाडं आणि कार्यकर्त्यांचा पगार आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात आला पाहिजे.

(दृश्य : रत्नागिरीचा बाजार. मासळीवाल्यांची गर्दी.)

हे पाहणाऱ्यांपैकी कुणाचं घर रिकामं असेल, तळमजल्याचं, पाण्याची सोय असलेलं, तर आपल्या भागातल्या मनोरुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन एकदा बोला. आणि रस्त्यावर असं माणूस दिसलं तर ११२ला फोन करून पोलिसांना बोलवा. ते येईपर्यंत थांबा, पाणी विचारा, जबरदस्तीने धरू नका. पोलिस ठाण्यात कुणी टाळाटाळ केली, तर कलम १०० सांगा. मानसिक आजाराबद्दल बोलायचं असेल, तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही.